रूथमिसचा हात

नाशिकच्या वाद्यप्रदर्शनात त्या दिवशी सगळ्यांत जास्त गर्दी रूथ उजागरेच्या मंडपात होती. ‘गुरुहस्त’ कीबोर्ड बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती आणि ज्या हातानं तो घराघरांत मुलांना शिकवत होता, तो हात रूथचा होता. आया मुलांना पुढे ढकलत होत्या, “बघ, ह्याच त्या रूथमिस!” मुलं तिच्या तोंडाकडे न बघता आधी बोटांकडे बघायची. रूथला ते आवडायचं. शेहेचाळीस वर्षांच्या, शरणपूर रस्त्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये अर्धं आयुष्य शिकवण्या करण्यात घालवलेल्या बाईला असलं कौतुक एरवी कुठून मिळणार?

“हा ग्रँड पियानो,” ती सांगत होती. “पट्टी हळूच दाबली तर आवाज मऊ येतो, ठोकली तर टणक. पट्टी किती वेगानं खाली गेली ते यंत्र मोजतं. आता हीच पट्टी, पण सनई.” सनई वाजली तशी पोरं हसली. “डाव्या हाताला तानपुरा ठेवा, उजव्या हाताला बासरी. आणि गाणाऱ्याचा घसा बसला असेल, तर हे बटण. सगळे स्वर एका झटक्यात खाली.”

मग मैथिली निकुंभ नावाची एक मुलगी वाजवायला बसली. अकरा वर्षांची असेल. मालेगावहून आईबरोबर आली होती. पियानोच्या आवाजात तिनं एक अवघड चाल न अडखळता वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खुलली आणि म्हणाली, “मिस, आता ऑर्गनमध्ये वाजवू? मला तो आवाज आवडतो.”

“वाजव की.”

पियानोचा स्वर बोट उचलल्यावरही थोडा रेंगाळतो, पाय पेडलवर असला तर बराच वेळ. दोन स्वरांमधली फट त्या घुमाऱ्यात बुजून जाते. ऑर्गनमध्ये तशी सोय नाही. बोट पट्टीवर आहे तोवर आवाज, बोट उचललं की खलास. मैथिलीनं तीच चाल ऑर्गनमध्ये सुरू केली आणि रूथ वाकून तिच्या बोटांकडे बघू लागली.

चालीत भोकं होती. उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट जिथं यायला हवं, तिथं तिथं एक बारीकशी फट पडत होती. ते बोट पट्टीवर येतच नव्हतं. त्याचं काम करंगळी करत होती आणि करंगळी वेळेवर पोचावी म्हणून मनगट दर वेळी बाहेरच्या अंगाला उचललं जात होतं. धडधाकट बोटांच्या त्या पोरीचा हात लंगडत होता. ते लंगडणं रूथच्या ओळखीचं होतं, कारण ते तिचंच होतं.

“छान,” रूथ कशीबशी म्हणाली. “पुढचा कोण?”

पुढच्या मुलालाही तिनं ऑर्गन दिला. त्याच्या पुढच्या मुलीलाही. सगळ्यांची मनगटं त्याच जागी उचलली गेली.

गर्दी ओसरल्यावर मैथिलीची आई जवळ आली. “मिस, एक विचारायचं होतं. हिचं मनगट फार दुखतं. रात्री उठून बसते. डॉक्टर म्हणाले, सराव जास्त होतोय. आणि बघा ना, हल्ली पोळीचा तुकडा मोडतानासुद्धा हे बोट असं वर धरते. पेनही तसंच. काही चुकतंय का आमचं?”

खरं सांगायची हीच वेळ होती. रूथला ते त्या क्षणीही कळत होतं.

“सराव थोडा कमी करा,” ती म्हणाली. “कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा.”

“तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं,” ती बाई हात जोडून म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. “आम्हाला उगाच काळजी वाटत होती.”

रूथनं मान फिरवून उगाचच वायर गुंडाळायला घेतली.

*

‘गुरुहस्त’मागचं विज्ञान तसं सोपं होतं. प्रत्येक पट्टीखाली एक संवेदक आणि एक छोटा विद्युतचुंबक. वाजवणाऱ्याची पट्टी कधी खाली गेली, किती वेगानं गेली, किती वेळ राहिली, कशी सुटली, हे संवेदक टिपत असे आणि विद्युतचुंबक तीच हालचाल दुसऱ्या कीबोर्डवर जशीच्या तशी करून दाखवत असे. शिकणाऱ्यानं बोटं नुसती टेकवायची, पट्ट्याच त्यांना ओढून नेत.

पण खरी करामत हातमोज्यात होती. स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा, तिच्यावर ठरावीक गतीचं कंपन दिलं की बोट जागचं न हलताही मेंदूला वाटतं, ते हललं. हे जुनंच निरीक्षण. कंपनीनं त्यावर एक पातळ जाळीचा हातमोजा बनवला. मूल अभ्यास करत असो, झोपलेलं असो, मोजा गुरूच्या हाताच्या हालचाली त्याच्या कंडरांवर गिरवत राही. हालचालींची सवय सांभाळणारा लहान मेंदू ती गिरवणी निमूटपणे साठवून घेई. जे यायला चार वर्षं लागायची, ते चार महिन्यांत यायला लागलं.

लहान मेंदूला एकच गोष्ट करता येत नव्हती. हालचालीतलं कसब कोणतं आणि खोड कोणती, हे त्याला वेगळं काढता येत नव्हतं. मिळालं ते सगळंच तो खरं मानून ठेवून घेत होता.

रूथची खोड पंधरा वर्षांपूर्वीची. चर्चच्या सहलीत टेम्पोच्या फाळक्यात तिचं तेच बोट सापडलं होतं. शांतवन पाटोळेनं, तिच्याबरोबर त्याच हॉलमध्ये शिकवणाऱ्या शांतवनदादानं, ओला रुमाल गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं होतं. तुटलेली कंडरा शिवली गेली. बोट दिसायला जसंच्या तसं झालं, पण त्यातला जोर गेला. मग तिनं हळूहळू ते काम करंगळीवर ढकलायला आणि मनगटाचा हिसका द्यायला शिकून घेतलं. तो इतका सफाईदार झाला की ऐकणारे म्हणायचे, “रूथमिसच्या वाजवण्यात काय झोका आहे!” तिनं तो समज कधी दूर केला नाही.

पुण्याची कंपनी ‘हात’ शोधत आली, तेव्हा शेवटी दोघंच उरले होते. ती आणि शांतवन. शांतवनचा हात निर्दोष होता, पण लोकांना ऐकवून पाहिलं तेव्हा त्यांना रूथचा झोका आवडला. कंपनीचा अभियंता इंद्रनील दाते यानं शेवटचा एक प्रश्न दोघांसमोर विचारला होता, “मॅडम, हाताला काही जुनी दुखापत वगैरे?”

“नाही,” रूथ म्हणाली होती.

शेजारच्या खुर्चीवर शांतवन बसला होता. त्यानं मान वर केली नाही की तोंड उघडलं नाही. त्यानंतर रूथनं त्याच्याशी धड बोलणंच टाकलं. रविवारी ती दुसऱ्या दारानं चर्चमध्ये जायची.

*

प्रदर्शनाहून परतल्यावर तिनं इंद्रनीलला फोन लावला.

“मनगटाच्या तक्रारी येतात का रे?”

“येतात थोड्या. पालक जास्त वेळ मोजा घालून ठेवतात, मॅडम. लोभ सुटत नाही. का?”

“नाही, सहज. माझी ती ढब आहे ना, मनगटाची... ती काढून टाकता येईल?”

“काढायची कशाला? तीच तर तुमची ओळख आहे.” तो हसला. “आणि नव्या मुलांसाठी काढता येईलही, पण जी शिकली त्यांचं काय? हात शिकवता येतो, पुसता येत नाही. सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” म्हणून तिनं फोन ठेवला. ठेवल्यावर ती बराच वेळ ते बोट अंगठ्यानं चोळत बसली. विचारणाऱ्याला खरं सांगायची संधी तिला आता तीनदा मिळाली होती आणि तिन्ही वेळा तिच्या तोंडून खोटं किती सहज बाहेर पडलं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉलवर गेली. शांतवन जमिनीवर बसून एका जुन्या कीबोर्डच्या पट्ट्या काढून साफ करत होता. साठीला टेकला होता, केस पार पांढरे झाले होते.

“ये,” तो म्हणाला. जणू ती कालही आली होती.

तिनं प्रदर्शनातली हकिगत सांगितली. मैथिलीची, तिच्या आईची. आपण काय उत्तर दिलं ते मात्र सांगितलं नाही. मग घाईघाईनं म्हणाली, “दादा, मी असा विचार केलाय, तू तुझा हात दे. मी कंपनीला सांगते की आता दुसरा गुरू घ्या, विविधता पाहिजे. मुलं तुझ्या हातानं शिकली की आपोआप सुधारतील. कुणाला काही कळायचंही नाही.”

शांतवननं हातातलं फडकं खाली ठेवलं. “म्हणजे मी तुझ्यावर झाकण व्हायचं?”

“तसं नाही रे...”

“तसंच आहे. आणि ते होणारही नाही. माझ्याकडे अशी चार मुलं आहेत, रूथ. गेल्या वर्षापासून येतात. एकेकाचं ते बोट धरून मी ते पट्टीवर टेकवतो आणि म्हणतो, ‘हे तुझं आहे, वापर.’ बोटात जोर आहे, पण मेंदूला वाटतं, नाही. यंत्रानं होत नाही ते. कुणीतरी शेजारी बसावं लागतं.”

“वर्षापासून?” रूथ म्हणाली. “तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला माहीत नव्हतं होय?”

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. रूथ समोर पडलेल्या पट्ट्या एका ओळीत लावू लागली.

“माझंही चुकलंच,” शांतवन म्हणाला. “त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर ती जागा मला मिळाली असती. लोक म्हणाले असते, शांतवननं तिचा पाय ओढला. मला चांगलं राहायचं होतं. म्हणून गप्प बसलो. आता त्या पोरांची मनगटं धरतो तेव्हा ते चांगलंपण माझ्या डोळ्यांसमोर येतं.” त्यानं पुन्हा फडकं उचललं. “पण तुझ्या वाटचं मी सांगणार नाही. ते तूच सांगायचं.”

रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. तेही आलं नाही.

*

रविवारी सकाळी ‘गुरुहस्त’वर रूथची बैठक असे. ती नाशिकला आपल्या घरी वाजवायची आणि त्याच क्षणी हजारो घरांतल्या पट्ट्या तिच्या बोटांबरोबर खाली-वर व्हायच्या. मुलं त्यांवर बोटं टेकवून बसलेली असायची. इंद्रनील पुण्याहून सगळ्यावर लक्ष ठेवायचा. त्याचा आवाज तिच्या कानातल्या यंत्रात यायचा.

त्या रविवारी तिनं पियानो निवडलाच नाही. ऑर्गन घेतला. घुमारा शून्यावर आणला, पेडल पायानं लांब सारलं.

“मॅडम, आज पियानोचा धडा आहे,” कानात इंद्रनील म्हणाला.

“मुलांनो,” रूथ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. “तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बोलवा. आज आपण फक्त पाच स्वर वाजवणार आहोत. पाच बोटांनी, सरळ. मनगट हलवायचं नाही.”

सा. रे. ग. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मग तिनं चौथं बोट मध्यमावर टेकवलं आणि होता नव्हता तो सगळा जोर लावला. पट्टी अर्धवट खाली गेली आणि तिथंच थरथरत राहिली. आवाज आला नाही.

हजारो घरांत त्याच वेळी मध्यमाची पट्टी अर्धवट खाली गेली आणि मुकी थरथरत राहिली.

“कीबोर्डमध्ये बिघाड नाही,” रूथ म्हणाली. “माझं हे बोट पंधरा वर्षांपूर्वी निकामी झालंय. मला विचारलं होतं, तेव्हा मी ‘नाही’ म्हणाले. मी खोटं बोलले. मला हे काम हवं होतं.”

“मॅडम, थांबा. प्लीज थांबा. हे आधी आपण बोलू,” इंद्रनील.

“तुम्ही ज्याला माझा झोका म्हणता तो लंगडेपणा आहे. तो मी तुमच्या चांगल्या हातांत घातलाय. तुमची मनगटं त्यानं दुखतात. हातमोजे काढा. आत्ता काढा. मालेगावच्या एका आईनं मला विचारलं, आमचं काही चुकतंय का. तुमचं काही चुकलेलं नाही. तेव्हाही मी तिला...”

समोरचा पडदा काळा झाला. इंद्रनीलनं संपर्क तोडला होता.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. तो चिडलेला असेल, असं तिला वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, “माझी पुतणी वापरते, मॅडम. तिलाही मीच आणून दिलाय.” आणि त्यानं फोन ठेवला.

कंपनीनं संध्याकाळपर्यंत यंत्रांतून तिचा हात काढून टाकला, मोजे बंद पाडले. तज्ज्ञ बसले. बहुतेक मुलांची दुखणी मोजा थांबल्यावर कमी होतील, असं त्यांनी सांगितलं. हाताचं वळण मात्र जाता जाईना. लोकांनी रूथला वाट्टेल ते बोलून घेतलं. तिच्या फाटकाला कुणी कुणी वापरलेले हातमोजे अडकवून जाई. सकाळी दूध घ्यायला ती बाहेर आली की ते वाऱ्यानं हलत असायचे. ती ते काढायची नाही. त्याहून अवघड गेलं ते दुसरंच. एका वाहिनीनं तिला ‘धाडसी शिक्षिका’ म्हटलं आणि मुलाखत मागितली. अनोळखी माणसं लिहू लागली, तुमचा प्रामाणिकपणा बघून डोळे भरून आले. रूथला ते वाचताना मेल्याहून मेल्यासारखं होई. तीन वर्षं खोटं वागून एका सकाळी खरं बोललेल्या बाईला हे लोक प्रामाणिक म्हणत होते. तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला.

*

हॉलवर आता मुलांची रीघ लागली होती. शांतवन एकटा पुरा पडेना. एक दिवस रूथ जाऊन दारात उभी राहिली.

“उजव्या हातानं काही वाजवून दाखवायचं नाहीस,” शांतवन म्हणाला. “मुलाच्या शेजारी बसायचं, मनगट उचललं जायला लागलं की अलगद धरायचं. बस्स. जमेल?”

“जमेल.”

काही पालक तिला बघून मुलांना घेऊन परत गेले. काही राहिले.

पावसाळा सरता सरता मैथिली आली. आई तिच्याबरोबर होती. रूथ उठून उभी राहिली. त्या बाईनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसली.

“ताई,” रूथ तिच्यापाशी जाऊन म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मला माहीत होतं.”

“ते आलं माझ्या ध्यानात,” ती बाई म्हणाली. “त्यानंतर रविवारपर्यंत रोज रात्री मी तिचे हात पाण्यात बुडवत होते. गार झालं की पुन्हा गरम करायची. ती म्हणायची, आई, नाही थांबत. मी तिलाच रागवायची, की मिसना जास्त कळतं का तुला.” ती खिडकीकडे बघू लागली. “सर चांगलं शिकवतात असं कळलं, म्हणून आले. तुमच्यासाठी नाही.”

रूथनं मान हलवली.

ती मैथिलीशेजारी जाऊन बसली. पोरीनं कीबोर्ड चालू केला, पण वाजवेना. हात मांडीवरच ठेवून बसली.

“मिस, मी जे वाजवते ते तुमचं आहे ना?”

“हो.”

“आणि सर शिकवतील ते त्यांचं असेल. मग माझा हात कुठला?”

खोटं उत्तर देणं सोपं होतं. ‘तुझ्यातच आहे बाळा’, असलं काहीतरी.

“मला माहीत नाही, मैथिली,” ती म्हणाली. “तू तो शोधायच्या आधीच मी त्यावर माझा चढवला.”

मैथिलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग बटणं चाचपली. पियानो ओलांडला, सनई ओलांडली, ऑर्गनवरून पुढे जाऊन एका फुटक्या घंटेसारख्या आवाजावर थांबली. तो आवाज प्रदर्शनात कुणी कधी निवडत नसे. तिनं चौथं बोट उचललं. मनगट सवयीनं वर जायला लागलं. रूथनं ते अलगद धरलं. बोट लटपटत खाली आलं आणि मध्यमाच्या ऐवजी शेजारच्या काळ्या पट्टीवर जाऊन आपटलं.

कर्कश घंटा वाजली. मागच्या बाकावरची आई दचकली.

“चुकलं,” मैथिली म्हणाली.

“हो,” रूथ म्हणाली. तिनं मनगटावरची पकड सैल केली. तीन वर्षांत त्या हातानं पहिल्यांदाच अशी चूक केली होती जी रूथची नव्हती. “पुन्हा वाजव.”